अप्पांची कन्नड आणि माझं इंटर

आमच्या शेजारी एक मुलगी राहते. कॉलेजात शिकते आणि घरी आईचं सगळं करते. आईला संधिवातानं अंथरुणाला खिळवलंय. परवा ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही वडिलांचं करत करत इंटर झालात म्हणे. कसं केलंत हो?" मी म्हटलं, सांगतो. पण तोंडी सांगायला बसलो की मी भलतीकडंच जातो, म्हणून लिहून काढतोय. उपदेश यात नाही. काय झालं तेवढंच आहे.

तार

माझं गाव येडशी. स्टेशनाजवळ अप्पांचं, म्हणजे वडिलांचं, कापडाचं दुकान होतं. आई मी शाळेत असतानाच गेली. थोरली बहीण गौराक्का अणदूरला दिलेली. मॅट्रिक झाल्यावर मी गुलबर्ग्याच्या कॉलेजात इंटरला गेलो. राज्य निजामाचं, त्यामुळे शिकवणं सगळं उर्दूत. येडशीहून छोट्या गाडीनं कुर्डुवाडीला जायचं, तिथून मोठ्या गाडीनं सोलापूर करून गुलबर्गा. मधला मुलूख इंग्रजांचा. एकाच प्रवासात दोनदा राज्य बदलायचं आणि दोनदा करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, शिपाई गाठोडी उचकायचे.

लढाईचे दिवस होते. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाची दिवाळी होऊन गेली होती, तेव्हा तार आली : वडील आजारी, धाराशिवला दवाखान्यात, निघून ये.

मी पोचलो तेव्हा अप्पा खाटेवर उताणे पडले होते. चेहऱ्याची उजवी बाजू ओघळल्यासारखी झालेली. उजवा हात पोटावर कुणीतरी आणून ठेवल्यासारखा. माझ्याकडं बघून त्यांनी तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली.

डॉक्टर हैदराबादकडचे, तरुण होते. त्यांनी अप्पांना सांगितलं, "जीभ दाखवा." अप्पा बघत राहिले. मग डॉक्टरांनी स्वतःची जीभ बाहेर काढली, तशी अप्पांनीही काढली. डॉक्टर मला म्हणाले, "लकवा आहे. उजवं अंग गेलंय. त्याबरोबर वाचाही गेलीय."

मी घाबरलो होतोच. पण माझ्या तोंडून भलताच प्रश्न निघाला. "वाचा जाते म्हणजे कुठं जाते?"

मला वाटलं, हे रागावतील. ते मात्र म्हणाले, "ये तो मियाँ, हम भी पूरा नहीं जानते."

त्या दिवसातलं हे एकच वाक्य मला आधार देऊन गेलं. ज्यांना कळतं त्यांनाही ठाऊक नाही, म्हणजे अजून बघण्यासारखं काहीतरी शिल्लक आहे, असं मला वाटलं.

दवाखान्यातलं

गौराक्का तान्हं लेकरू घेऊन आली. थोडे दिवस राहिली आणि सासरचं बोलावणं आल्यावर रडत परत गेली. मग मी एकटा. सकाळी कंपाउंडर यायचा, नाडी धरायचा, काचेच्या ग्लासातून औषध द्यायचा आणि सांगायचा, "कूस बदलत राव्हा. पाठीला फोड आला की लई अवघड." बाकी सगळं नातलगांनी करायचं. अंग पुसणं, भांडं देणं, धोतर बदलणं.

त्याबद्दल खरं सांगतो. मला किळस यायची आणि किळस आल्याची लाज वाटायची. अप्पांची गत माझ्याहून वाईट होती. जन्मात ज्यांनी माझ्यासमोर उघडं अंग दाखवलं नव्हतं, त्यांना मी धुवायला लागलो की ते तोंड भिंतीकडं करायचे. आम्ही दोघंही तो वेळ कसा सरेल याची वाट बघायचो.

एक गोष्ट मात्र बरी झाली. आम्ही लिंगायत. अप्पा गळ्यातल्या लिंगाची पूजा रोज करायचे, आणि पूजेला लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं असतं. डावा हात तर शाबूत होता. मी त्यांना उशीला टेकवून बसवायचो, लिंग तळहातावर ठेवायचो. भस्म लावायला, बेल वाहायला उजवा हात लागतो, तो माझा. अप्पा त्या वेळी माझ्याकडं बघायचेही नाहीत. माझा हात त्यांचाच असल्यासारखे शांत बसायचे.

एके दुपारी ते बोलले. अस्पष्ट, घशातून. "नी... रु."

कंपाउंडर धावत आला. आमच्याकडं विहिरीच्या पाण्यातून नारू व्हायचा. पायातून दोऱ्यासारखा जंत बाहेर यायचा. त्याला वाटलं, अप्पा तेच सांगतायत. "नारू? कुठं हाय नारू? पाय दावा." त्यानं पांघरूण काढून दोन्ही पाय तपासले. पाय स्वच्छ होते. अप्पा वैतागले. पुन्हा म्हणाले, "नीरु!"

हा शब्द मी कुठंतरी ऐकलेला. गुलबर्ग्याच्या फलाटावर पाणी देणारी बाई ओरडत फिरायची, "नीरु, नीरु." मी पेला भरून अप्पांच्या ओठाला लावला. त्यांनी तो रिकामा केला आणि डोळे मिटले.

मी रिकामा पेला घेऊन तसाच उभा. अप्पा मूळचे आळंदकडचे, लहानपणी येडशीला आले, एवढं मला माहीत होतं. पण घरी आम्ही मराठीच बोलायचो. आई तुळजापूरकडची. अप्पांच्या तोंडून कन्नडचा एक शब्द मी कधी ऐकला नव्हता. नाही म्हणायला, कापडाचे तागे मोजताना ते ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटायचे. मला तो जप वाटायचा.

दुसऱ्या दिवशी अंग पुसताना मी बाजारात ऐकलेलं आठवून सुरू केलं, "ओंदु, एरडु, मूरु..." अप्पांनी भिंतीकडचं तोंड वळवलं आणि पुढचं म्हटलं, "नाल्कु, ऐदु, आरु." अडखळत, पण ओळीनं. तेव्हापासून आंघोळ अशीच व्हायला लागली. आकडे म्हणता म्हणता लाज जरा बाजूला राहायची.

मामांचा उपाय

अप्पांना येडशीला घरी आणलं. दुकान तिथला जुना माणूस सांभाळत होता. घरी आलो तसे आईचे भाऊ, शिवलिंगमामा, एका टोपलीत कबुतर घेऊन हजर. लकव्याच्या अंगाला कबुतराचं गरम रक्त चोळतात, असं त्यांना कुणी सांगितलं होतं. अप्पा जन्माचे शाकाहारी. त्यांनी टोपलीत बघितलं, डावा हात उगारला आणि पहिल्यांदाच मोठ्यानं ओरडले, "ब्याडा!"

शब्द कळायची गरज नव्हती. मी कबुतर अंगणात नेऊन सोडलं.

मामांचा दुसरा उपाय मात्र असा सोडता येण्यासारखा नव्हता. ते मला ओट्यावर घेऊन बसले. "मन्मथा, ह्ये बाप्याचं काम न्हाय. किती दिवस धुशील? म्या एक पोरगी बघितलीय. गरीबाघरची हाय, कामाची हाय. लगीन लावून टाकू. ती दाजींचं बघंल, तू दुकान बघ."

"आणि कॉलेज?"

"कालेज काय पळून जातंय? आन शिकून तरी दुकानातच बसायचंय न्हवं?"

मामा वाईट नव्हते. माझे हाल त्यांना बघवत नव्हते. पण मला सारखी ती न पाहिलेली मुलगी दिसायला लागली. लग्न होऊन आल्या दिवशी तिच्या हातात भांडं द्यायचं? मी म्हटलं, "मामा, तिला मी काय म्हणून आणू? बायको म्हणून का अप्पांची कूस बदलायला?"

"समदे असंच आणतेत," मामा म्हणाले.

कॉलेज सोडायचं, असं मीही जवळजवळ ठरवलंच होतं. गौराक्काला चार दिवस बोलावून घेतलं आणि ट्रंक आणायला गुलबर्ग्याला गेलो.

हमीदसाहेब

हमीदसाहेब आम्हाला मंतिक, म्हणजे तर्कशास्त्र, शिकवायचे. हैदराबादचे. शेरवानीची सगळी बटणं लावलेली, बोलणं हळू. त्यांना सांगून जावं म्हणून मी गेलो. ते म्हणतील, अरेरे, किंवा म्हणतील, बापाची सेवा हेच मोठं शिक्षण. दोन्हीला हो म्हणायची मी तयारी केली होती.

सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "पहला लफ्ज कौनसा बोले?"

"नीरु."

"मराठी नहीं?"

"नाही साहेब. घरी चाळीस वर्षं मराठी बोलले. ती एका शब्दानंही आली नाही."

हमीदसाहेब खुर्चीत पुढं सरकले. मग आकड्यांचं विचारलं. कंगवा दाखवला तर काय करतात? केसांना लावतात. नाव घेतात? नाही. दुसऱ्यानं नाव घेतलं तर ओळखतात? मराठीत घेतलं तर थांबून, कन्नडमध्ये घेतलं तर लगेच. मी सांगत गेलो तसं माझ्या लक्षात आलं, की गेले दोन महिने मी नुसतं धुणं आणि भरवणं करत नव्हतो. मी बारकाईनं बघतही होतो. हे मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

ते शेवटी म्हणाले, "मियाँ, येडशीत त्यांच्याशी कन्नड कोण बोलतं?"

"कुणीच नाही. मला येतात ते वीस-पंचवीस शब्द."

"आणि इथं?"

इथं तर गल्लीतली कुत्रीसुद्धा कन्नड समजायची. माणूस घरी आजारी आहे म्हणून कॉलेज सोडायचं, एवढंच मला सुचलं होतं. माणसालाच कॉलेजच्या गावाला आणायचं, हे डोक्यात आलंच नव्हतं.

हजेरीचा प्रश्न होता. हमीदसाहेब मला घेऊन सदरसाहेबांकडं, म्हणजे प्रिन्सिपॉलांकडं गेले. नियमाप्रमाणे माझी हजेरी आधीच कमी पडत होती. सदरसाहेबांनी मला बाहेर बसवलं. आत काय बोलणं झालं ते मला कधी कळलं नाही. बाहेर येऊन हमीदसाहेब एवढंच म्हणाले, "सकाळचा पहिला तास तुला माफ. बाकीचे चुकवायचे नाहीत. पहिल्या तासाचं मी संध्याकाळी फिरायला जातो तेव्हा सांगेन. चालशील ना माझ्याबरोबर?"

गुलबर्गा

अप्पांना आणायला माझा मित्र दिगंबर येडशीला आला. होस्टेलात आम्ही एका खोलीत होतो. मामा निरोप द्यायलाही आले नाहीत. कुर्डुवाडीला गाडी बदलताना आम्ही अप्पांना खुर्चीत बसवून उचललं. पुढं करोडगिरीचा शिपाई गाठोडी तपासायला आला आणि खुर्चीकडं बोट करून म्हणाला, "ये क्या है?" दिगंबर म्हणाला, "इनके वालिद हैं." शिपायानं काठी बगलेत मारली आणि खुर्चीचा एक पाय धरला. डब्यापर्यंत आला. आमची गाठोडी त्यानं बघितलीच नाहीत.

किल्ल्याजवळच्या गल्लीत एक खोली मिळाली. समोर नीलव्वाची खानावळ. नीलव्वा विधवा, जाडजूड, आणि दिवसभर बोलणारी. ज्वारी निवडताना बोलायची, भाकरी थापताना बोलायची, ऐकायला कुणी नसलं तरी बोलायची. तिला मोडकं मराठी यायचं. मी विचारलं, मी कॉलेजात असताना अप्पांकडं लक्ष द्याल का? ती म्हणाली, "त्यात काय द्यायचंय? ज्वारी इथं निवडते ती तिथं निवडते."

पहिल्या दिवशी मी दाराआड थांबून बघत होतो. नीलव्वा सूप घेऊन उंबऱ्यावर बसली आणि सुरू झाली. काय बोलत होती कोण जाणे. मधेमधे कुणाची तरी नक्कल करत होती. अप्पा ऐकत होते. एकदम त्यांच्या गळ्यातून आवाज आला. मी धसकून आत धावलो. ते हसत होते. अर्धाच चेहरा हसत होता, पण हसत होते.

दुपारी दिगंबर किंवा होस्टेलातला दुसरा कुणीतरी येऊन बसायचा. माझं कौतुक करायला यांतलं कुणी यायचं नाही, हे फार बरं होतं. दिगंबर तर यायचा आणि अप्पांच्या पायाशी झोपून जायचा. म्हणायचा, होस्टेलात गोंगाट असतो. संध्याकाळी नीलव्वा बघायची आणि मी हमीदसाहेबांबरोबर तळ्यापर्यंत चालत जायचो. ते पहिल्या तासाचं सांगायचे आणि परतताना मी अप्पांचं सांगायचो. कधीकधी निम्म्या वाटेतच मंतिक संपवून ते विचारायचे, "हां, आज क्या बोले?"

सगळं गोड चाललं होतं असं समजू नका. मी वर्गात पेंगायचो. एकदा अप्पांना ताप भरला, छातीत घरघर सुरू झाली, आणि वाटलं, त्यांना इतक्या लांब आणून मीच मारलं. गौराक्काचा निरोप यायचा की लोक विचारतात, बापाला परमुलखात का नेलं. तो ताप उतरला. पण त्यानंतर कितीतरी दिवस कॉलेजातून येताना गल्लीच्या तोंडाशी थांबून मी आधी नीलव्वाचं बोलणं ऐकू येतंय का ते बघायचो.

तम्मा

अप्पांचे शब्द वाढत होते. सगळे कन्नड. मला ते "तम्मा" म्हणायला लागले. नीलव्वा म्हणाली, तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. लाडानं पोरालाही म्हणतात. पण अप्पा ज्या तऱ्हेनं माझा हात धरून ठेवायचे, त्यावरून मला वाटायचं, ते मला म्हणत नाहीत. अप्पांना भाऊ नव्हता. निदान मला तसं ठाऊक होतं.

एके दिवशी नीलव्वानं सूप खाली ठेवून त्यांना सरळ विचारलं, "तम्मा यारु?" तम्मा कोण?

अप्पांनी बराच वेळ घेतला. एकेक शब्द ओढून काढावा तसे ते बोलत होते. नीलव्वा ऐकत गेली आणि जन्मात पहिल्यांदा गप्प बसली. मग मला सांगितलं, "धाकटा भाऊ होता. नदीत गेला. ह्यांनीच पोहायला नेलता. आई म्हणाली, तोंड दावू नको. तवा गाव सोडलं."

म्हणजे गावाबरोबर भाषाही सोडली होती. माझी आई त्यांच्याबरोबर संसार करून गेली. तिला हे माहीत होतं का? मला आजही ठाऊक नाही. एवढं कळलं की एवढी वर्षं माझ्या बापाच्या आत एक मुलगा गप्प बसला होता, आणि आजारानं बाकीचं सगळं पाडल्यावर तोच आधी बोलायला लागला. मी त्यांचा हात धरून बसलो. त्या दुपारी त्यांचा तम्मा व्हायला माझी काही हरकत नव्हती.

मामा येतात

परीक्षा तोंडावर आली तेव्हा मामा गुलबर्ग्याला आले. मुलीकडचे उत्तर मागत होते. अप्पांना भिंतीला टेकून बसलेले, डाव्या हातानं भाकरी मोडून खाताना बघून मामांचे डोळे भरले. पण मुद्दा सोडला नाही. "दाजी, पोराचं लगीन करून टाकू. तुमची बी सोय व्हईल. तुम्ही मान हलवा, बास."

अप्पांनी भाकरी खाली ठेवली. "ब्याडा."

"काय म्हणत्यात?" मामांनी मला विचारलं.

"नको म्हणतात."

"तू तुझ्या सोयीचं सांगायलास."

अप्पांचा चेहरा लाल झाला. डावा हात माझ्याकडं करून ते जोर लावून म्हणाले, "साली! साली!"

मामा ताडकन उठले. "ऐकलंस? मला शिवी दिली! बायकोच्या भावाला शिवी! दाजींनी मला उभ्या जन्मात अशी शिवी दिली न्हाय!"

समोरून नीलव्वा धावत आली. तिनं विचारलं काय झालं, अप्पांनी पुन्हा म्हटलं, आणि ती पदर तोंडाला लावून हसत सुटली. "शिवी न्हाई हो! आमच्यात साली म्हंजे शाळा. पोराला शाळा शिकू दे म्हणतेत."

मामा हळूच खाली बसले. "साळा व्हय," ते म्हणाले. "मग तसं म्हणायचं की मराठीत."

आणि मग त्यांनाच हसू आलं. जाताना मला म्हणाले, "त्या पोरीला दुसरं चांगलं ठिकाण बघतो." ते त्यांनी बघितलंही.

परीक्षेनंतर

मी इंटर झालो. दर्जा सांगण्यासारखा नव्हता.

त्यानंतर हमीदसाहेब आमच्या खोलीवर आले. एवढे दिवस अप्पांबद्दल ऐकून त्यांना भेटायचं होतं. त्यासाठी ते कुणाकडून तरी तीन कन्नड वाक्यं शिकून आले होते. शेरवानीत घाम पुसत, हैदराबादी थाटात त्यांनी ती म्हटली. नीलव्वालाही ती कळली नाहीत. अप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि डावा हात कपाळाशी नेऊन म्हणाले, "आदाब. तशरीफ रखो जी."

दुकानात सरकारी माणसं आली की अप्पा असंच बोलायचे. ही उर्दूसुद्धा आत कुठंतरी शाबूत होती, आणि नेमक्या माणसापुढं उठून बाहेर आली होती. हमीदसाहेब मला म्हणाले, "देखा?" लहान मुलासारखे खूष झाले होते.

मराठी तेवढी यायची राहिली. ज्या भाषेत त्यांनी मला वाढवलं, ती.

आम्ही येडशीला परत गेलो. पावसाळा संपून हवेत गारवा आला होता. एके सकाळी अप्पा माजघरात पूजेला बसले होते आणि मी स्वयंपाकघरात चुलीवर दूध ठेवत होतो. माझी पाठ त्यांच्याकडं होती. तिथून त्यांना माझी नुसती हालचाल ऐकू येत असणार. भांड्याचा आवाज, फुंकणीचा आवाज.

"अगं," अप्पा म्हणाले. स्पष्ट, पूर्वीच्या आवाजात. "अगं, दार लोट. वारं येतंय."

आईला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. मी फुंकणी खाली ठेवली. वळून काही सांगावं, असं एकदा मनात आलं.

"लोटतो," म्हटलं, आणि उठून दार लोटून घेतलं.